‘आतून सहा फूट’ असा नियमच नाही: उताराच्या प्लॉटवरचं कंपाउंड

बंगल्यांच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: “उताराच्या प्लॉटवर कंपाउंडची उंची आपल्या बाजूच्या जमिनीपासून मोजायची, आतून सहा फूट हा हक्कच आहे. जमिनीखालची, माती धरणारी भिंत उंचीत धरत नाहीत. वरचं पाणी खालच्याने सोसायचंच. भिंत पडली तर अर्धा खर्च शेजाऱ्याचा. आणि बारा वर्षं उभी राहिली की तीच हद्द.” यातल्या पाण्याच्या मुद्द्यात अर्धं तथ्य आहे. बाकीचं विसंबण्यासारखं नाही.

उंचीपासून सुरुवात करू, कारण भांडणं तिथेच पेटतात. २०२० च्या राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत कंपाउंडची उंची आतल्या जमिनीपासूनही मोजलेली नाही आणि शेजाऱ्याच्या जमिनीपासूनही नाही. ती मोजायची समोरच्या रस्त्याच्या मध्यरेषेपासून. तिथून वर १.५ मीटर. वरचा ०.९ मीटर भाग आरपार दिसणारा, म्हणजे जाळी किंवा रेलिंग असेल, तर एकूण २.४ मीटरपर्यंत. कोपऱ्याच्या प्लॉटला चौकाकडच्या दोन्ही बाजूंना १० मीटर लांबीपर्यंत भरीव भिंत फक्त ०.७५ मीटर, वर हवं तर तेवढंच रेलिंग. (बृहन्मुंबई, लोणावळा आणि गिरिस्थान नगरपरिषदांना ही नियमावली लागू नाही. उतार जिथे सर्वांत जास्त, नेमकी तीच गावं बाहेर! तिथे स्थानिक नियम बघावे लागतात.)

आता आकडे घालून पाहा. प्लॉट रस्त्याच्या मध्यापेक्षा १.२ मीटर वर आहे. १.५ मीटरची भरीव भिंत आतून जेमतेम फूटभर दिसेल. वर रेलिंग लावलं तरी आतून चार फूट. सहा फूट कुठून आणणार? उलट प्लॉट रस्त्याच्या एक मीटर खाली असेल तर तीच भरीव भिंत आतून अडीच मीटर, म्हणजे आठ फुटांच्या वर जाते. मेसेज मानणारा खालचा मालक स्वतःचंच नुकसान करून घेतो.

माती धरणारा भाग वगळण्याची सूटही या मोजणीत नाही. भिंत एकच, उंची एकच, दोन्ही शेजाऱ्यांना ती वेगळी दिसते एवढंच. मागची हद्द रस्त्यापेक्षा चार मीटर उंच असेल तर हा नियम शब्दशः लावून तिथे कुंपणच घालता येणार नाही, हे खरं. नॅशनल बिल्डिंग कोड या बांधकामाच्या देशपातळीवरच्या संहितेतल्या याच तरतुदीत प्राधिकरणाच्या विशेष परवानगीची वाट आहे. ती मागताना साधा प्लॅन पुरत नाही, रस्त्यापासून मागच्या हद्दीपर्यंतचा सेक्शन, म्हणजे जमिनीचा उभा छेद, लेव्हलसकट (जागोजागच्या उंचीसकट) जोडावा.

लेव्हल काढायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. एक टोक रस्त्याच्या मध्यावर धरा, गटाराच्या झाकणावर नव्हे. नळीत बुडबुडा राहू देऊ नका आणि वाचताना दोन्ही टोकांवरचा अंगठा काढा, नाहीतर पाणी समपातळीला येत नाही. रस्ताच उतरता असेल तर भिंतही पायऱ्यांनी उतरवावी: १५ मीटर दर्शनी लांबीत दहास एक उतार म्हणजे दीड मीटरचा फरक, तो तीन-तीन मीटरच्या पाच टप्प्यांत ३० सेंटिमीटरने खाली घ्या. डांबराचे थर चढत जातात, म्हणून मोजलेली लेव्हल तारखेसह नकाशावर लिहून ठेवा.

माती धरणारी भिंत म्हणजे जाड कंपाउंड नव्हे. मातीचा दाब उंचीच्या वर्गाने वाढतो आणि भिंत उलथवणारं बळ घनाने. म्हणजे भराव दुप्पट केला की उलथवणारं बळ आठपट. दीड मीटर कोरडी मुरमाड माती दर मीटर लांबीला साधारण ७०० किलो रेटते. मागे पाणी साचलं की हा रेटा दुपटीवर जातो, म्हणूनच अशा भिंती उन्हाळ्यात न पडता जुलैत पडतात. नऊ इंची विटांच्या भिंतीला हा भार झेपत नाही. दगडी भिंतीचा पाया उंचीच्या निम्म्याहून रुंद हवा, दीड मीटरला पाऊण ते एक मीटर, आणि तो अख्खा आपल्या हद्दीत. प्रीकास्ट कंपाउंडच्या फळ्यांना माती टेकवणं तर सरळ चूक. त्या फक्त आडोशासाठी असतात. माती रेटली की खांब झुकतात आणि फळ्या खाचेतून निसटतात.

ही भिंत बांधायची कोणी? ज्याने नैसर्गिक पातळी बदलली त्याने. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याच्या कलम ७ प्रमाणे शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क आहे, पण तो नैसर्गिक स्थितीतल्या जमिनीला. खालच्याने खोदून वरच्याचा आधार काढला तर जबाबदारी खालच्याची. वरच्याने चार ट्रक मुरूम टाकून लॉन सपाट केलं तर तो बोजा वरच्याचा.

पाण्याचंही त्याच कलमात आहे. वरच्या जमिनीवर पडलेलं, ठरावीक ओघळात नसलेलं पाणी नैसर्गिकपणे खाली येऊ देणं खालच्या मालकाला भाग आहे. त्यामुळे खालच्याने तळाला एकही वाट न ठेवता भिंत घातली तर तो चुकला. पण गच्चीचं पाणी पाइपात गोळा करून शेजाऱ्याच्या हद्दीवर सोडणं यात बसत नाही. शेतजमिनीवर असा नैसर्गिक प्रवाह अडवला गेला, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे सहा महिन्यांत दाद मागता येते.

भिंतीत ७५ ते १०० मिलिमीटरचे पाइप, दीडेक मीटरवर, बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवा. त्यामागे फूटभर खडी आणि खडी व मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी सोडून माती अडवणारं कापड. बहुतेक ठिकाणी खोदलेली मातीच मागे ढकलतात आणि पहिल्या पावसात पाइप चोंदतात. खालच्या शेजाऱ्याने वाफे उंचावून पाइपांची सर्वांत खालची ओळ बुजवली तरी परिणाम तोच.

अर्ध्या खर्चाची सरसकट तरतूद नाही. दोघांनी लेखी ठरवलं असेल तरच.

राहिली बारा वर्षं. १९६३ च्या मुदत कायद्यातली ही मुदत उघड, सलग आणि मालकाच्या हक्काविरुद्ध असलेल्या ताब्याला लागते. दोघांच्या संमतीने सोयीसाठी घातलेलं कुंपण विरुद्ध ताबा ठरत नाही. हद्द सांगते भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयाची मोजणी आणि तिची ‘क’ प्रत, म्हणजे अर्जदाराला मिळणारा मोजणीचा नकाशा. उतारावर कुंपण हद्द सोडण्याचं एक कारण तर निव्वळ टेपचं असतं. नकाशातली लांबी आडवी असते, टेप मात्र जमिनीवर टेकवून ओढला जातो. तिनास एक उतारावर असे ३० मीटर मोजले तर आडवं अंतर साडेअठ्ठावीसच भरतं आणि खुंटी दीड मीटर अलीकडे बसते. टेप आडवा ताणून, ओळंबा सोडून, तीन-तीन मीटरच्या टप्प्यांनी उतरत मोजा.