स्टिअरिंग बॉक्सचा तो स्क्रू आवळू नका

गेल्या रविवारी सकाळी मामांचा फोन आला, आवाजात आनंद. "अगं, प्ले गेला बघ पूर्ण. पाच मिनिटांचं काम होतं, उगाच दोन वर्षं चालढकल केली." प्ले म्हणजे स्टिअरिंग फिरवूनही चाकं लगेच वळत नाहीत ती ढिलाई. त्याच दुपारी पुण्याहून साताऱ्याला परतताना खंबाटकी घाटातल्या एका वळणावर त्यांच्या १९७८च्या पद्मिनीचं (जिला सगळे फियाट म्हणतात) स्टिअरिंग वळलं, पण वळण संपल्यावर सरळ होईना. मामांनी दोन्ही हातांनी ओढून ते जागेवर आणलं. वेग कमी होता आणि शेजारी ट्रक नव्हता, म्हणून मामा-मामी सुखरूप घरी पोचले.

हे ज्या मेसेजमुळे झालं तो माझ्याकडेही तीन ग्रुपवरून आला आहे. त्याचं म्हणणं असं: फियाट, अँबॅसेडर, जीप, कुठलीही जुनी गाडी असो, स्टिअरिंगला प्ले असेल तर स्टिअरिंग बॉक्सवरचा (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणाऱ्या गिअरच्या पेटीवरचा) स्क्रू आवळा. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा स्टिअरिंग थरथरत असेल तर कॉम्प्युटर अलाइनमेंट (मशीनवर चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या. पुढचे टायर एका कडेने झिजत असतील तर स्प्रिंगमध्ये रबर बसवा. खर्च नाही, मेकॅनिक नको.

आधी स्क्रूचं बोलते, कारण यात जीव जाऊ शकतो.

आपण गाडी बहुतेक वेळ सरळ चालवतो. त्यामुळे स्टिअरिंग बॉक्समधला वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दांडा, मधल्या भागात सगळ्यात जास्त झिजतो, टोकांना जवळजवळ झिजतच नाही. झिजलेल्या मधल्या भागातला प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला, की न झिजलेल्या टोकांकडे बॉक्स अडकायला लागतो. सरळ रस्त्यावर सगळं छान वाटतं. खरी परीक्षा घाटात होते. वळण संपल्यावर चाकं आपोआप सरळ होतात ती कास्टरमुळे आणि किंगपिनच्या कलामुळे, म्हणजे चाक ज्या उभ्या खिळीभोवती वळतं (किंगपिन) ती मागे (कास्टर) आणि आत झुकलेली असल्यामुळे. बॉक्समध्ये घर्षण वाढलं की ती ओढ कमी पडते आणि स्टिअरिंग वळलेलंच राहतं. मामांचं नेमकं हेच झालं.

त्या काळच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये या स्क्रूची रीत सांगितलेली असते. चाकं सरळ ठेवायची, ड्रॉप आर्मपासून (बॉक्समधून बाहेर आलेल्या, चाकं वळवणाऱ्या दांड्यापासून) रॉड सोडवायचे, थोडंथोडं आवळायचं आणि दर वेळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंग मोकळं फिरतंय ना हे पाहायचं. कुठेही जड लागलं तर स्क्रू मागे घ्यायचा. तरीही मध्ये प्ले राहिला, तर बॉक्स उघडण्याची वेळ झाली आहे. आणि हे सगळं, बाकी सांधे ठीक आहेत याची खात्री झाल्यावर.

मेसेज लिहिणाऱ्याने या गाड्यांखाली डोकंही घातलेलं नाही, हे आणखी एका गोष्टीवरून कळतं. अँबॅसेडरला असा स्टिअरिंग बॉक्स नसतोच. तिला मॉरिस ऑक्सफर्डकडून आलेलं रॅक-पिनियन, म्हणजे दातेरी पट्टी आणि छोटं गिअर आहे. मग अँबॅसेडरवाले गाडीखाली जाऊन नेमकं काय आवळणार? या विचारानेच धडकी भरते.

प्ले कुठून येतो ते शोधायला दोन माणसं आणि एक जॅक पुरतो. पुढचं चाक उचला, गाडीखाली स्टँड लावा. चाक वर-खाली, म्हणजे बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. हलणं थांबलं तर व्हील बेअरिंग सैल आहे, तरीही हललं तर किंगपिन किंवा त्याचे बुश गेलेत. मग चाक जमिनीवर ठेवून एकाने स्टिअरिंग हलकं डावं-उजवं करायचं आणि दुसऱ्याने खाली पाहायचं. ज्या टायरॉड एंडची (चाक वळवणाऱ्या रॉडच्या टोकाच्या सांध्याची) एक बाजू हलते आणि दुसरी हलत नाही, तो बदलायचा. आयडलर आर्मही (बॉक्सच्या विरुद्ध बाजूने रॉडला आधार देणारा दांडा) बघा, तो सगळे विसरतात. सुटे भाग मिळत नाहीत ही सबब सांगू नका. पद्मिनीच्या टॅक्सी मुंबईत ऑक्टोबर २०२३पर्यंत धावत होत्या आणि तिचे किंगपिन सेट आजही मिळतात.

गाडी ओढण्याबद्दल मेसेज अर्धा खरा आहे, हे मान्य करते. दोन बाजूंचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) किंवा कास्टर वेगळा असला तर गाडी ओढते. पण अलाइनमेंटच्या दुकानात बहुतेक वेळा फक्त टो-इन (पुढची चाकं पुढून किती आत वळलेली आहेत ते) बदलतात, आणि त्याने ओढणं सहसा जात नाही. आधी चारही टायरची हवा तपासा. पुढचे दोन टायर अदलाबदल करा. ओढण्याची दिशा बदलली तर दोष टायरचा. फेरी मारून आल्यावर एका चाकाचा ड्रम जास्त तापलेला असेल तर ब्रेक धरतोय. आपल्याकडे रस्त्याला डावीकडे उतार असतो, तेव्हा गाडी किंचित डावीकडे जाणं हा दोषच नाही.

ठरावीक वेगाला थरथर सुरू होते आणि वेग वाढवल्यावर कमी होते, ती बहुधा बॅलन्सिंगची, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसल्याची. बॅलन्सिंग वेगळं, अलाइनमेंट वेगळं.

आता स्प्रिंगमधलं रबर. त्याने गाडीची पुढची उंची बदलते आणि उंचीबरोबर कॅम्बर नि टो दोन्ही बदलतात. टायर आणखी झिजतील. बसलेली स्प्रिंग बदलायची असते. जीपला तर पुढे गोल स्प्रिंगच नाही, पाटे आहेत, रबर कोणत्या स्प्रिंगमध्ये घालणार?

अलाइनमेंट करूच नका असं मी म्हणत नाही. सगळे सांधे घट्ट झाल्यावर, शेवटी करा. सैल किंगपिनवर मशीनने दाखवलेला आकडा पहिल्या खड्ड्यात बदलतो. आणि जुन्या पुस्तकातला टो-इन साध्या क्रॉस-प्लाय, म्हणजे जुन्या पद्धतीच्या टायरसाठी लिहिलेला आहे. आजचे रेडियल टायर घातले असतील तर सहसा त्याहून कमी लागतो.

मामांच्या गाडीचा स्क्रू मी सोमवारी मागे घेतला. डावा किंगपिन ब्रेक दाबूनही हलत होता. सेट मागवला आहे. तो बसेपर्यंत गाडीची किल्ली मामींकडे आहे.