ड्रमरने फोनची वाट बघू नये, बँड उभा करावा

जळगाव, धुळे, अमळनेर, शिरपूर इकडची पोरं मेसेज करत असतात, भाऊ जॅझ ड्रम्स वाजवायचेत पण इथं राहून त्यावर पोट भरेल का. प्रत्येकाला वेगवेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच इथं सांगतो. भरतं. पण दुसऱ्याच्या बँडमधला ड्रमर म्हणून नाही, स्वतःचा बँड चालवणारा ड्रमर म्हणून भरतं, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितोय.

कारण साधं आहे. मुंबईत पियानोवाला किंवा सॅक्सवाला काम धरतो आणि मग ड्रमरला फोन करतो. आपल्या खानदेशात जॅझचं काम धरणारा पियानोवालाच नाहीये, तर फोन करणार कोण? आणि मुंबईवाल्याने तुम्हाला सव्वाचारशे किलोमीटरवरून का बोलवावं, गाडीभाडं द्यावं, राहायची सोय करावी, त्याला बांद्र्यात दहा ड्रमर मिळतात. म्हणजे काम आपणच काढायचं, आपणच माणसं जमवायची.

ड्रमर मागे बसतो, त्याने कसला लीडर व्हायचा, असं म्हणणारे लोक भेटतात. त्यांना मी अमेरिकेतल्या चिक वेब या ड्रमरचं नाव सांगतो. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये सॅव्हॉय बॉलरूम या नाचघरात याचा बँड वाजायचा, लहानपणच्या मणक्याच्या आजारामुळे उंची अगदी कमी राहिलेली, आणि तरी 1937 मध्ये बेनी गुडमनसारख्या नावाजलेल्या बँडबरोबर समोरासमोर सामना झाला तेव्हा लोकांनी वेबलाच डोक्यावर घेतलं. गायिका एला फिट्झजेराल्ड विशीच्या आत होती तेव्हा तिला याच माणसाने बँडमध्ये घेतलं. दुसरा ड्रमर आर्ट ब्लेकी. जॅझ मेसेंजर्स हा बँड त्याने 1990 मध्ये वारेपर्यंत चालवला, तीस-पस्तीस वर्षं, माणसं बदलत राहिली पण बँड थांबला नाही. ली मॉर्गन, वेन शॉर्टर, फ्रेडी हबर्ड, विंटन मार्सालिस, हे सगळे मोठे वादक त्याच्याकडून तयार होऊन गेले. मला त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की तो पोरांकडून ट्यून लिहून घ्यायचा, स्वतः मागून त्या ट्यूनला उचलून धरायचा. लीडर म्हणजे पुढे उभा राहणारा हे डोक्यातून काढा. टेम्पो तुमच्या हातात, आवाज किती चढवायचा किती उतरवायचा तुमच्या हातात, सोलो, म्हणजे एकट्याचं वाजवणं, कुठे संपला हे बाकीच्यांना तुमच्या एका फिलवरून, ड्रमच्या छोट्या तुकड्यावरून कळतं. बँड तुम्ही तसाही चालवतच असता.

आता माणसं कुठून आणायची. इथं सगळे अडतात, आणि इथंच मला आपल्या भागाबद्दल मनापासून बोलायचंय. आपल्याकडे लग्नाच्या ब्रास बँडमध्ये जे क्लॅरिनेट आणि ट्रम्पेटवाले मास्तर आहेत ना, त्यांच्याइतका कान तयार असलेला माणूस मी कॉलेजच्या फेस्टिवलात पाहिला नाही. गाणं एकदा ऐकलं की वाजवतात, मे महिन्याच्या उन्हात चार-चार तास चालत वाजवतात, आणि डीजे आल्यापासून त्यांचं काम कमी कमी होत चाललंय याचं मला खरंच वाईट वाटतं. माझ्या बँडमधले सॅक्सवाले काका तसेच आलेले. आषाढी ते तुळशीचं लग्न या काळात लग्नाच्या तारखा नसतात, ब्रास बँडवाले मोकळे असतात, म्हणून आमच्या प्रॅक्टिसचा सीझन तोच.

काकांना स्विंग शिकवताना काय केलं ते सांगतो, कारण हे कुठल्या व्हिडिओत मिळणार नाही. लग्नाच्या बँडमध्ये सुरांच्या जोड्या सरळ, सारख्या अंतराने वाजतात. जॅझमध्ये जोडीतला पहिला लांबतो आणि दुसरा उशिरा, पुढच्याला चिकटून येतो, हाच स्विंग. मी पायाने वाजणारा मोठा बास ड्रम बंद केला, समोरचा स्नेअर ड्रम बंद केला, फक्त राइड सिंबल या मोठ्या झांजेवर डिंग, डिंग-डि-डिंग, आणि डाव्या पायाने हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी, चार मात्रांतल्या दोनवर आणि चारवर. म्हटलं, काका, तुम्ही काही वाजवू नका, फक्त माझ्या हाय-हॅटवर टाळी द्या. पहिल्यांदा टाळी एकवर आणि तीनवरच पडायची, आपल्या सगळ्यांची तिथंच पडते. मग हळूहळू सरकली. एकदा टाळी दोन-चारवर बसली तसं काकांनी क्लॅरिनेट उचललं आणि लग्नात हजारदा वाजवलेलंच एक जुनं गाणं असं वाजवलं की बास गिटारवाला पोरगा वाजवायचा थांबून बघतच राहिला. सॅक्स नंतर आला हातात. कीबोर्डवाला ऑर्केस्ट्रातून घेतला, त्याला कॉर्ड्स, म्हणजे एकत्र दाबायचे सूर, वाढवून वाजवायला शिकायला वेळ लागला पण शिकला.

आणि पोरांनो, ब्रश शिका ब्रश, म्हणजे स्टिकऐवजी तारांच्या ब्रशने वाजवणं. आपल्याकडची मंगल कार्यालयं म्हणजे खाली फरशी वर पत्रा, स्टिकने ड्रमच्या कडेसकट एक जोरदार रिमशॉट मारला की तीन वेळा परत येतो आणि पहिल्या रांगेतली म्हातारी माणसं उठून जातात. ड्रमच्या खरबरीत कोटिंगच्या हेडवर, म्हणजे वरच्या पडद्यावर, डाव्या ब्रशने गोल गोल फिरवत राहायचं, उजव्याने वरून टिपायचं, बास ड्रम इतका हळू की ऐकू यायच्या ऐवजी नुसता जाणवला पाहिजे. हळू वाजवून टेम्पो न सोडणं हेच या कामातलं खरं अवघड आहे. हळू वाजवणारा ड्रमर पुन्हा बोलावला जातो, हे मी वर्षानुवर्षं बघतोय.

लोक ऐकतील का, तर ऐकतात. जळगावला बालगंधर्व महोत्सवात तासन् तास शास्त्रीय ऐकणारा प्रेक्षक आहे, त्याला सवाल-जवाब कळतो. मी सॅक्सबरोबर चार-चार बारची देवाणघेवाण, म्हणजे चार बार त्याचे चार बार माझे (एक बार म्हणजे चार मात्रांचं आवर्तन), हे सुरू केलं की हॉलमध्ये दाद येते. पहिलं गाणं मी नेहमी सी. रामचंद्रांचं ठेवतो, कारण त्यांच्याकडे चिक चॉकलेटसारखे मुंबईच्या जॅझ बँडमधले वादक वाजवायचे, स्विंग आपल्या आजोबांच्या रेडिओवर होताच. पाचोऱ्याकडच्या एका कार्यक्रमात एक आजी पुढे येऊन अहिराणीत विचारायला लागल्या, "हाई काय शे रे भाऊ?" मी सांगितलं जॅझ शे आजी. त्या शेवटपर्यंत बसल्या.

आता पैशाचं, आणि इथं मी कडक आहे. सुपारी घेताना निम्मा ॲडव्हान्स हातात आल्याशिवाय तारीख धरायची नाही, मग आयोजक ओळखीचा असो नाहीतर सोयरा. समजा एखाद्या कंपनीचा कार्यक्रम 60,000 ला ठरला. कंपनी पैसे देताना टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा आयकर, कापते, बहुतेक वेळा दहा टक्के, म्हणजे हातात 54,000. हा कापलेला पैसा रिटर्न भरताना तुमच्या पॅनवर दिसतो, तो बुडत नाही, पण आज रात्री तो खिशात नसतो हे लक्षात ठेवा. गाडी, टोल, जेवण धरा 9,000. उरले 45,000. तिघा वादकांना 11,000 प्रमाणे 33,000 आणि तुम्हाला 12,000. तिघांचे पैसे त्याच रात्री द्यायचे, सामान गाडीत भरायच्या आधी, आणि यूपीआयने द्यायचे म्हणजे हिशोबाला पुरावा राहतो, नाहीतर कागदावर सगळे साठ हजार तुमचंच उत्पन्न दिसतं. आयोजकाने उरलेली रक्कम लांबवली तरी वादकांचं थांबवायचं नाही. एका आयोजकाने आमचे पैसे असेच लांबवले होते, मी घरातून दिले, म्हणून आज माझे वादक दुसरी सुपारी सोडून माझी तारीख धरतात. बँड यावर टिकतो, स्टेजवरच्या टाळ्यांवर नाही.

फुकट वाजवा, तुमचं नाव होईल, असं सांगणारे दर महिन्याला भेटतात. मांडववाल्याला पैसे, केटररला पैसे, लाइटवाल्याला पैसे, आणि वादकाला नाव? मी सरळ नाही म्हणतो. शाळेतल्या मुलांसाठी मात्र मी बिनपैशाचं वाजवतो, ते माझं मी ठरवलेलं आहे, त्यात वादकांना ओढत नाही, एकटा स्नेअर आणि सिंबल घेऊन जातो.

जॅझची कामं महिन्यातून फार नसतात, हेही खरंय. मी आठवड्यातले काही दिवस क्लास घेतो, ऑर्केस्ट्रात वाजवतो, नवरात्रात गरब्याला ऑक्टोपॅड वाजवतो आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. फक्त पुढच्या दोन महिन्यांत जॅझची एक तरी तारीख लागलेली पाहिजे हा नियम मी मोडत नाही, नसेल तर स्वतः हॉल घेतो, तिकीट लावतो. आणि उघड्यावर रात्री दहाला स्पीकर बंद करावा लागतो, म्हणून साडेसातला सुरू म्हणजे साडेसातलाच सुरू, पाहुण्यांच्या सत्कारासाठी आमचा वेळ कापू नका हे मी आधीच लिहून घेतो.

ज्यांना खरंच करायचंय त्यांनी आषाढी झाल्यावर या. प्रॅक्टिस रविवारी सकाळी असते, ड्रम्स माझे आहेत, ब्रश नसतील तर देईन. येताना आपल्या गावातला एक क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेटवाला सोबत आणा.