रोजनाम्यात काय लिहू?

घरातली भांडणं आणि कोर्ट, या दोन्ही गोष्टी बघायला मुंबईकराला तिकीट काढावं लागत नाही. तरी गेलो, कारण मामांची हौस. मामा फोर्टातल्या सिटी सिव्हिल कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना कोर्टाचा सिनेमा दाखवणं म्हणजे आचाऱ्याला दुसऱ्याच्या लग्नात पंगतीला बसवणं.

गोष्ट अशी: शिवाजी पार्कचं वडिलोपार्जित घर, बापाशी अबोला धरलेला थोरला, बापाजवळ राहून कुढणारा धाकटा आणि सगळ्यांना पाणी आणून देणारी बहीण. थोरला वाटपाचा दावा ठोकतो. विषय झकास, आमच्या निम्म्या बिल्डिंगीचा. पण दिग्दर्शकाने आयुष्यात कधी अबोला बघितलेला दिसत नव्हता. अबोल्यातली माणसं "चहा झालाय म्हणावं" असं भिंतीला सांगतात. इथे जो तो पावसात भिजत भाषण ठोकत होता.

पहिल्याच सुनावणीला न्यायाधीशांनी हातोडा आपटला. मामा उसळले. "आपल्याकडे हातोडा कुठल्या कोर्टात असतो रे? सुतारकाम काढलंय का?"

पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून पाहिलं. मी म्हटलं, "मामा, हळू."

मग वकील उठला. हातात बोटभर जाडीची प्लास्टिकची फाईल. "वाटपाचा दावा एवढासा? आमच्याकडे शिपाई गठ्ठा पोटाशी धरून आणायचा. फीत सुटली की अख्खी दुपार कागद लावण्यात जायची."

थोरल्याची सरतपासणी, म्हणजे त्याच्याच वकिलाने घेतलेली साक्ष, सुरू झाली ती बापाने सायकल घेऊन दिली नाही इथपासून. "दिवाणी दाव्यात २००२ पासून सरतपासणी प्रतिज्ञापत्रावर होते," मामा म्हणाले. "हा तोंडी काय कीर्तन करतोय?" मी हळहळलो. प्रतिज्ञापत्रात ती सायकल दोन ओळींत आटोपली असती.

मध्यंतरात सामोसा खाताना मामांनी विचारलं, "यांना तारीख कशी पडत नाही?" हे मात्र खरं. तारखेला आलेले दोन भाऊ एकाच बाकाच्या दोन टोकांना बसतात आणि डबा उघडल्यावर दुसऱ्याने काय आणलंय ते चोरून बघतात. सिनेमा तिथे होता. यांनी तो सोडून दावा तीन सुनावण्यांत उरकला.

उलटतपासणीत बाप कोसळला. थोरल्याने धावत जाऊन मिठी मारली, धाकटा मधे घुसला, व्हायोलिनं सुटली, न्यायाधीशांनी चष्मा काढून डोळे टिपले.

"रोजनाम्यात काय लिहायचं?" मामा कळवळले. "वादी रडले, प्रतिवादी रडले, कोर्ट रडले?"

आता पुढच्या बाईही हसल्या.

पडद्यावर तडजोडीचा कागद आला. बापाने सही केली, दोघा भावांनी केली. बहीण कौतुकाने टाळ्या वाजवत होती. मामा ताडकन उभे राहिले.

"अरे, पोरीची सही कुठाय? महाराष्ट्रात १९९४ ला मुलींच्या वाट्याचा कायदा झाला, २००५ ला दिल्लीनेही केला! तिला वगळून हुकूमनामा कसला करताय?"

पुढच्या बाईंनी शेजारच्या गृहस्थांना कोपराने ढोसलं. "ऐकलंस ना, दादा?"