असईचे मेलेले कोणी मोजले?

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझे मामा पहिल्यांदाच बेल्जियमला आले. भोकरदनकडचा शेतकरी माणूस. गेंटमधले चर्च, कालवे, चॉकलेटची दुकानं बघून तिसऱ्याच दिवशी कंटाळले. म्हणाले, "शहरं काय, सगळीकडं सारखीच. ह्यांची रानं दाखव." म्हणून गाडी काढली आणि त्यांना पश्चिमेकडे, ईपरच्या बाजूला नेलं. बटाटा, शुगर बीट, मका. मामा खुश. खिडकीतून मातीचा रंग बघत होते, दर दोन मिनिटांनी "पाणी कुठून घेतेत?" विचारत होते.

एका शेताच्या कडेला, विजेच्या खांबाच्या पायथ्याशी, मातीने माखलेले तीन-चार लोखंडी नळकांडे ठेवलेले दिसले. मामांनी गाडी थांबवायला लावली. मी सांगितलं, हे पहिल्या महायुद्धातले तोफगोळे. शंभर वर्षं झाली तरी नांगरटीत निघतात. शेतकरी ते बांधावर आणून ठेवतो, फोन करतो आणि सैन्याचं पथक येऊन घेऊन जातं. त्या पथकाचा तळ जवळच पोलकापेल्ले गावी आहे. हात लावायचा नाही, कारण काहींमध्ये अजून विषारी वायू असतो. इथले लोक याला लोखंडाचं पीक म्हणतात.

मामा गाडीतून उतरले नाहीत. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आपल्या घरीबी एक हाय की. माईच्या दाराला."

माईच्या म्हणजे माझ्या आजीच्या. तिच्या माजघराच्या दाराला टेकण म्हणून एक लोखंडी गोळा असायचा. नारळाएवढा, काळा, पावसाळ्यात तांबूस होणारा. लहानपणी सगळ्या भावंडांची बोटं त्याला ठेचकाळली आहेत. आजी त्याला "लढाईचा गोळा" म्हणायची. कोणती लढाई, ते कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. रानात निघाला, घरी आणला, दाराला लावला.

ती लढाई जालना जिल्ह्यातल्या असईची. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेली. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजा भोकरदन ते जाफ्राबाद पसरल्या होत्या. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेल्स्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. दोन दिवस आधी बदनापूरला त्याची आणि कर्नल स्टीव्हन्सनची भेट झाली, दोघांनी वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकत्र हल्ला करायचं ठरलं. पण शत्रू जवळच असल्याचं कळल्यावर वेल्स्लीने स्टीव्हन्सनची वाट पाहिली नाही. केळणेच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, तेव्हा मध्ये उतार असणारच, असं त्याने ताडलं. आमच्याकडच्या कोणत्याही शेंबड्या पोराने हेच सांगितलं असतं.

पुढे जे झालं त्याबद्दल वेल्स्ली म्हातारपणीही बोलत असे. माणसांच्या संख्येच्या मानाने इतकी रक्तरंजित लढाई आपण दुसरी पाहिली नाही, असं त्याचं मत होतं. शिंद्यांची कवायती पायदळं पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली होती, तोफा शंभरच्या आसपास. शिंद्यांचे गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत. इंग्रजांची रांग अंगावरून पुढे गेल्यावर मेल्याचं सोंग घेतलेले गोलंदाज उठले, तोफांची तोंडं फिरवली आणि पाठीमागून मारा सुरू केला. स्कॉटलंडची ७४वी पलटण असई गावासमोर जवळजवळ कापली गेली. संध्याकाळपर्यंत मैदान इंग्रजांचं झालं, ९८ तोफा त्यांच्या हाती गेल्या आणि वर्ष संपायच्या आत देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह झाले.

आता आकडे बघा. इंग्रजांच्या बाजूचे मेलेले ४२८, जखमी १,१३८, बेपत्ता १८. एकेक माणूस मोजलेला. शिंदे-भोसल्यांच्या बाजूचे किती मेले? वेल्स्लीने वरिष्ठांना कळवलं की १,२०० पडल्याचं सांगतात. सांगतात! आपल्या माणसांचा आकडा शत्रूच्या पत्रात, तोही ऐकीव. मला असईचं खरं दुःख पराभवाचं नाही, या एका शब्दाचं आहे.

त्या दिवशी मामांना मी लांगेमार्कला नेलं. ईपरच्या उत्तरेला जर्मन सैनिकांचं दफनस्थान आहे. दगडी कमानीतून वाकून आत गेल्यासारखं जायचं. समोरच मोठा चौकोन, त्याच्याखाली एकाच खड्ड्यात जवळपास २५ हजार माणसं. पलीकडे ओकची झाडं आणि गवतात सपाट बसवलेले करडे दगड, एकेका दगडाखाली कित्येकजण. एकूण ४४ हजारांहून जास्त. शेवटी टोकाला चार माणसांचे काळे पुतळे, माना खाली घालून उभे.

मामांनी टोपी काढून हातात घेतली. मग विचारलं, "हे तर ह्यांचे दुश्मन ना? दुसऱ्यांच्या रानात आले, गावं जाळली. मग ह्यांना जागा कुणी दिली?"

बेल्जियमनेच दिली. चार वर्षं ज्यांनी देश तुडवला त्यांना. १९१५च्या सुमारास इथे थोड्या थडग्यांपासून सुरुवात झाली, १९३२मध्ये रीतसर उद्‌घाटन झालं आणि १९५०च्या दशकात आजूबाजूच्या कितीतरी लहान जर्मन स्मशानांतले अवशेष इथे आणले गेले. मधल्या काळात दुसरं महायुद्ध झालं, जर्मनांनी हा देश पुन्हा व्यापला, तरी कोणी नांगर फिरवला नाही. देखभाल १९१९मध्ये स्थापन झालेली एक जर्मन संस्था करते. त्या मोठ्या खड्ड्यात दोन ब्रिटिश सैनिकही आहेत.

पण लांगेमार्कची दुसरीही गोष्ट आहे आणि ती मी मामांना सांगितली. नोव्हेंबर १९१४मध्ये जर्मन सैन्याने जाहीर केलं की कोवळी पोरं देशाचं गाणं गात शत्रूच्या खंदकांवर चालून गेली. ती चढाई मुळात लांगेमार्कला नव्हती, शेजारच्या गावाजवळ होती, आणि त्या पलटणींत विद्यार्थी थोडेच होते. पण गोष्ट पसरली, शाळांतून शिकवली गेली, आणि पुढे नाझींनी ती उचलून धरली. १९४०च्या जूनमध्ये हिटलर स्वतः इथे येऊन गेला. मेलेल्या पोरांच्या नावावर आणखी पोरं मारायला पाठवली. आज तिथे एकही घोषणा नाही, एकही तलवार नाही. नावं आहेत आणि झाडं आहेत.

हे सगळं सांगायचं कारण घरचा वाद. गेल्या पावसाळ्यात आमच्या नातेवाइकांत मोठी खडाजंगी झाली. जिल्ह्याच्या गावच्या जुन्या छावणीतल्या गोरा कब्रस्तानाचे फोटो कोणीतरी पाठवले. फुटलेले संगमरवर, घाणेरी माजलेली, एका चौथऱ्यावर शेळी उभी. पटकीने, तापाने मेलेले शिपाई, त्यांच्या बायका, वर्षाच्या आतली लेकरं. निम्मे म्हणाले, सपाट करा, दीडशे वर्षं राज्य केलं त्यांचं काय जपायचं. निम्मे म्हणाले, रंगरंगोटी करा, असईपर्यंत रस्ता करा, लंडनचे पर्यटक येतील. मी काहीतरी लिहिलं तर माझा मामेभाऊ चिडला: "ताई, तिकडं राहून तुला गोऱ्यांचा पुळका यायलाय. आपल्या माणसांचं एक थडगं दाखव तिथं, मग बोल."

मार्च २०२५मध्ये खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीवरून राज्यभर रान उठलं होतं, त्यामुळे कबर म्हटलं की आमच्या भागात आवाज चढतात हे मला माहीत आहे. तरी त्याचं शेवटचं वाक्य खरं आहे. आपल्या माणसांचं थडगं तिथे नाही. शेवटचं गेले तेव्हा असईत मला शिंद्यांच्या एकाही गोलंदाजाचं नाव वाचायला मिळालं नाही. पण म्हणून दुसऱ्याचं थडगं सपाट केल्याने आपल्या माणसाला नाव मिळत नाही. उलट, जिथे कुणाचीच खूण राहत नाही तिथे "आमचे किती?" हा प्रश्न विचारायलाही जागा उरत नाही.

आणि आपली माणसं म्हणजे कोण? शिंद्यांच्या कवायती पलटणींत बहुतेक शिपाई अवध आणि गंगा-यमुनेच्या दुआबातले पुरबिये होते. मेरठजवळच्या सरधन्याची राज्यकर्ती बेगम समरू, तिच्या पलटणीही होत्या. समोर इंग्रजांच्या बाजूने मेलेल्या ४२८ जणांत मद्रासच्या पलटणींचे तेलुगू-तमीळ शिपाई होते. वेल्स्लीसोबत म्हैसूरचे घोडेस्वार होते आणि पेशव्यांचेही, त्यांचे सरदार बापू गोखले. हेच बापू गोखले १८१७मध्ये खडकीला इंग्रजांवर चालून गेले आणि फेब्रुवारी १८१८मध्ये आष्टीला लढता लढता पडले. असईच्या दिवशी त्यांना कोणत्या रांगेत उभं करायचं? आणि त्या फौजांनी तुडवलेल्या मुलखात १८०३-०४चा दुष्काळ पडला, त्यात मेलेल्या कुणब्यांना?

भावाचं दुसरं म्हणणं होतं, हरलेल्या लढाईचं स्मारक कशाला. हे मला अजिबात पटत नाही. मराठी माणूस हरलेली लढाई विसरत नाही. पानिपताला अडीचशेहून जास्त वर्षं झाली, तरी संक्रांत कोसळली म्हणतो, विश्वास पानिपतात गेला म्हणतो आणि दर १४ जानेवारीला हरियाणात काला अंबला जाऊन हात जोडतो. मग घरापासून दोन कोसांवर पडलेल्यांसाठी हात जोडायला कमीपणा कसला?

नाव कोरल्याने काय होतं ते कोरेगाव भीमाने दाखवलं आहे. तो स्तंभ कंपनी सरकारने आपल्या विजयासाठी उभारला. पण मेलेल्या साध्या शिपायांची नावं त्यावर कोरली, त्यांत 'नाक' लागलेली महार शिपायांची २२ नावं होती. ती नावं होती म्हणून १ जानेवारी १९२७ला बाबासाहेब तिथे गेले आणि आज लाखो लोक जातात. इंग्रजांनी ज्या अर्थाने दगड उभा केला तो अर्थ लोकांनी बदलून टाकला. नुसता ओबेलिस्क असता, नावं नसती, तर हे झालं असतं का?

इथलं सगळं चांगलं आहे असं मी म्हणत नाही. ईपरच्या मेनिन गेट या स्मारकावर, ज्यांचे देह सापडलेच नाहीत अशा ब्रिटिश साम्राज्याच्या ५४ हजारांहून जास्त सैनिकांची नावं आहेत. रोज संध्याकाळी आठला रस्ता थांबवून बिगूल वाजतो. सुरुवात १९२८ची, आणि नोव्हेंबर १९२९पासून, जर्मन ताब्याची वर्षं सोडली तर, अखंड. त्या भिंतींवर मी बोट फिरवून नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार हे हुद्दे वाचले आहेत. रोमन लिपीत कोरलेले, पण आपले. एप्रिल १९१५मध्ये वायुहल्ल्यानंतर हिंदी सैन्याच्या लाहोर डिव्हिजनला इथेच पुढे ढकललं होतं. पण त्याच साम्राज्याने इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज सैनिकांची नावं कोरली आणि हजारो हिंदी शिपायांची फक्त पलटणीवार संख्या. एप्रिल २०२१मध्ये युद्धकबरी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाच्याच समितीने कबूल केलं की पहिल्या महायुद्धातले ४५ ते ५४ हजार लोक असमान पद्धतीने स्मरले गेले, आणि आणखी किमान १ लाख १६ हजार जणांची नावंच कुठे नाहीत, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत. बहुतेक पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधले. ब्रिटिश संसदेत संरक्षणमंत्र्यांनी माफी मागितली. शंभर वर्षं उशिरा, पण मोजायला बसले. मला इथून घरी काही न्यायचं असेल तर ते हे मोजणं. कापलेलं गवत आणि पांढरे दगड नकोत, तेवढं पाणीही आपल्याकडे नाही.

गोरा कब्रस्तानाची घाणेरी काढावी, शिलालेखांचे फोटो घेऊन ते मराठीत उतरवून ठेवावेत, एवढं पुरे. त्यावर रंग नको. आणि असईत जुईच्या काठी एक दगड हवा, ज्यावर दोन्हीकडच्या पलटणी लिहिलेल्या असतील. कर्नल मॅक्सवेल इंग्रज घोडदळाच्या पुढे पडला, त्याचं नाव लिहा. शिंद्यांच्या गोलंदाजांची नावं नाहीत, तर गोलंदाज लिहा. ग्वाल्हेरच्या दप्तरांत, नागपूरच्या कागदांत, पुण्याच्या पेशवे दफ्तरात पगाराच्या यादीतून एखादं नाव निघालं तर त्याखाली जागा ठेवा.

हे सगळं भावाला लिहिलं. दोन दिवस उत्तर नाही. मग मामांनी बहुतेक त्याला लांगेमार्कचं सांगितलं असावं, कारण मेसेज आला: "ग्रामसभेत मांडतो. पण मजकूर तू लिहून दे. सोप्या मराठीत, माईला कळल असा."

आजी जाऊन नऊ वर्षं झाली. मजकूर लिहायला घेतला आहे. पहिल्या ओळीत तारीख आणि दोन नद्या. दुसऱ्या ओळीत ४२८. तिसऱ्या ओळीत "सुमारे १,२००" असं लिहिलं होतं, ते खोडून "१,२००, असे सांगतात" केलं आहे. चौथी ओळ मोकळी सोडली आहे.