माझी सात मिनिटं

निमंत्रणपत्रिकेवर ‘सकाळी ९.३० : उद्घाटन’ असं छापलं होतं आणि मी ९.२५ला सभागृहात हजर होते. तिथेच पहिली चूक झाली. सभागृहात माझ्याखेरीज एकच माणूस होता, तो समईत वाती घालत होता. “पाहुणे गेस्ट हाउसवरून निघालेत,” असं त्याने मला साडेनऊला सांगितलं, दहाला सांगितलं आणि सव्वादहालाही सांगितलं. गेस्ट हाउस समोरच दिसत होतं.

चर्चासत्र रेल्वेच्या इतिहासावर होतं आणि माझा निबंध वेळेवर होता. म्हणजे ‘वेळ’ या विषयावर. दुसऱ्या अर्थाने तिथे वेळेवर काहीच नव्हतं.

विषय मोठा गमतीचा आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई आपल्या सूर्याप्रमाणे चालायची आणि रेल्वे मद्रासच्या. मद्रास पूर्वेला, तिथे बारा आधी वाजतात. त्यामुळे रेल्वेचं घड्याळ मुंबईच्या अर्धा तास पुढे. घरच्या घड्याळात चार बघून चारच्या गाडीला निघालात, तर गाडी केव्हाच गेलेली. १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळ मुंबईवर लादली. मुंबईकर असे अडून बसले की १८८३मध्ये ती मागे घ्यावी लागली. १९०६मध्ये देशाची एकच प्रमाणवेळ ठरली, तरी एकोणचाळीस मिनिटं मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ शहरात १९५५पर्यंत तग धरून होती. दोन वर्षं खपून हे सगळं मी पंधरा मिनिटांत बसवलं होतं.

दीपप्रज्वलन झालं (पंखा बंद करायचं सुचेपर्यंत तीनदा), स्वागतगीत झालं, शाली-श्रीफळं झाली आणि बीजभाषक उठले. ते १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून निघाले. चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी, पुढे साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. मूळ गाडी त्याच संध्याकाळी ठाण्याला पोचली होती. हे जेवणाच्या सुट्टीपर्यंत भायखळ्यालाच होते.

दुपारच्या सत्रात माझ्या आधी तिघे. तिघांनीही सुरुवात बोरीबंदरहूनच केली. त्या दिवशी ठाण्याकडे एकूण चार फेऱ्या झाल्या. त्यातला एक मुलगा खरं तर बार्शी लाइट रेल्वेवर बोलणार होता, अडीच फुटी गेजवर; मला तेच ऐकायचं होतं. पण त्याचा पेनड्राइव्ह उघडेना, आणि तो उघडेपर्यंत काय करायचं म्हणून बिचारा बोरीबंदरला गेला.

मग सत्राध्यक्ष माझ्याकडे झुकून म्हणाले, “मॅडम, वेळेअभावी तुम्हाला सात मिनिटं.” त्यांच्यापुढे हॉटेलच्या काउंटरवर असते तसली घंटी होती. चौथ्या मिनिटाला ती वाजली तेव्हा मी १८८१मध्ये होते. सहाव्याला पुन्हा वाजली. फर्ग्युसनसाहेबांना मी वेळ लादू दिली, मागे घ्यायला मात्र अवधी मिळाला नाही. त्या सभागृहापुरती मुंबई आजही मद्रासच्या वेळेवर चालते आहे.

“कुणाला प्रश्न?” तिसऱ्या रांगेतले एक निवृत्त गार्ड उभे राहिले. “प्रश्न नाही, निवेदन आहे,” म्हणाले. हे वाक्य ऐकून माझ्या पोटात नेहमीच गोळा येतो. पण गार्डसाहेब बोलले ते असं, की मी माझा कागद उलटा करून त्यावर टिपणं घ्यायला लागले. कर्जतला गाडीला मागून ढकलणारी बँकर इंजिनं कशी लागायची, भोर घाटातला एकाला सदतीसचा चढ अंगाला कसा कळायचा, मिनिट न् मिनिट नोंदवायची सवय अजून कशी सुटत नाही. अकरा मिनिटं बोलले. घंटी एकदाही वाजली नाही. मग स्वतःच मनगटाकडे बघून म्हणाले, “माझी गाडी आहे,” आणि निघून गेले.

माझीही तीच होती, सहाची. पण प्रमाणपत्रं समारोपानंतरच मिळणार होती, आणि नोंदणीचे बाराशे रुपये भरल्यावर ते सोडवेना. समारोपाचे पाहुणे गेस्ट हाउसवरून निघाले होते. आभारप्रदर्शनात मांडववाल्यापासून चहावाल्यापर्यंत सगळे आले. शेवटी प्रमाणपत्र हातात पडलं. त्यावर माझ्या निबंधाचं नाव होतं ‘रेल्वेचे वेळापत्रक’.

रिक्षाने स्टेशन गाठलं तेव्हा फलाट रिकामा होता. गाडी जाऊन पस्तीस-चाळीस मिनिटं झाली होती. बॉम्बे टाइमप्रमाणे मी अगदी वेळेवर पोचले होते.