बदामाच्या दुधावरचं बाळंतपण

अभिनंदन! तुम्ही दोघांनी एकाच वर्षात दोन मोठे निर्णय घेतलेत. घरातून दूध, दही, तूप, मध हद्दपार करून 'व्हीगन' व्हायचं, म्हणजे प्राण्यांकडून आलेलं काहीही खायचं नाही, आणि पाळणा हलवायचा. दोन्ही गोष्टी अगदी खासगी. त्यामुळे आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्यांवर बोलायचा पहिला हक्क आत्याचा, दुसरा सोसायटीच्या सेक्रेटरीचा, आणि वेळ उरलाच तर तुमचा. एवढ्या गर्दीत माझंही थोडं खपून जाईल.

सुरुवात तत्त्वापासून करा, तपासणीपासून नको. दिवस राहण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलात तर त्या बी-१२, हिमोग्लोबिन, ड जीवनसत्त्व, थायरॉइड असं काहीबाही लिहून देतील. ती चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात घाला आणि विसरा. रक्त तपासलं की आकडा कळतो, आकडा कळला की गोळी येते, आणि गोळी आली की 'निसर्गात सगळं मिळतं' हे वाक्य घशाखाली उतरेनासं होतं. 'व्हीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी काढला, तेव्हा बी-१२, म्हणजे वनस्पतींतून जवळपास न मिळणारं जीवनसत्त्व, कुणी वेगळं काढलेलंसुद्धा नव्हतं. ते जमलं १९४८ मध्ये. मधली चार वर्षं फार सुखाची असणार; तुम्ही तिथेच मुक्काम करा. वॉटसन यांचीच संस्था आज 'बी-१२ बाहेरून घ्याच' म्हणून बजावते, तिकडे कानाडोळा करा. संस्था म्हातारी झाली की भित्री होते.

आता, दिवस राहायला उशीर झाला तर दोष कुणाचा हे आधीच ठरलेलं असतं. मामा म्हणतील, जावईबापू सोयाबीन खातात, आणि सोयाबीनने पुरुष बायकी होतो. सोया आणि टेस्टोस्टेरॉन यांच्यावरचे प्रयोग एकत्र करून पाहिले तेव्हा असा काही परिणाम दिसला नाही. पण हे मामांना सांगून वाद संपवू नका. मामा स्वतः लातूरकडे सोयाबीनच पेरतात आणि त्यांना चार मुलं आहेत, हेही बोलून दाखवायचं नाही.

तुमच्या भात्यातही बाण हवेत. 'दुधाने वंध्यत्व येतं' असं सांगणारा एखादा रील तुम्ही पाहिलाच असेल. त्याच्या मुळाशी बहुधा अमेरिकेतल्या परिचारिकांवरचा हार्वर्डच्या संशोधकांचा २००७ मधला अभ्यास सापडेल. कमी स्निग्धांशाचं दूध जास्त घेणाऱ्या बायकांमध्ये बीज न सुटण्याची तक्रार अधिक दिसली; सायीचं दूध घेणाऱ्यांमध्ये ती कमी दिसली. यातलं पहिलं वाक्य तुम्ही उचला, दुसरं सासूबाईंसाठी ठेवा. नुसत्या निरीक्षणातून कारण सिद्ध होत नाही, हे तिसरं वाक्य मात्र दोघींनीही वाचू नका. नाहीतर जेवणाच्या टेबलावर बोलायचं काय?

एवढं करूनही वर्ष-दोन वर्षांत काही घडलं नाही तर चौकाचौकात टेस्ट ट्यूब बेबीची केंद्रं आहेतच. तिथे गेल्यावर मात्र एकही प्रश्न विचारू नका. गर्भ टिकावा म्हणून पोटावर टोचतात ते हेपॅरिनचं इंजेक्शन डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनतं. प्रोजेस्टेरॉनच्या मऊ कॅप्सूलचं कवच बहुतेकदा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांतून आलेलं. बीजांडाभोवतीच्या पेशी सोडवायला प्रयोगशाळेत जे विकर (एन्झाइम) लागतं, ते वर्षानुवर्षं बैलाच्या वृषणांतून काढत आले. आता कृत्रिमही मिळतं म्हणा. बीज पिकवणाऱ्या जुन्या इंजेक्शनांची कथा तर आणखी पवित्र आहे: ती पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून काढत, आणि सुरुवातीला ही लघवी इटलीतल्या मठांतल्या वृद्ध नन्सकडून गोळा केली जाई. नन्सनी ती राजीखुशीने दिली होती, तेव्हा हे औषध तुमच्या तत्त्वात बसवून घ्यायला हरकत नसावी. ड जीवनसत्त्वाची साधी गोळीसुद्धा बहुधा मेंढीच्या लोकरीच्या तेलकट अंशापासून आलेली असते. दगडफुलाच्या भाईबंदांपासून केलेली वेगळी मिळते, पण तिची किंमत वाचून मेंढीची दया जरा ओसरते.

असो. गोड बातमी आली. आता खरी मौज.

सासूबाई तुपाची बरणी घेऊन येतील. त्या एका बरणीवरून नऊ महिने भांडा. त्या म्हणतील, तूप नाही तर बाळाला ताकद कुठून? तुम्ही म्हणा, गाईवर अन्याय. या भांडणाची खुमारी अशी की ज्या एका गोष्टीची तुम्हाला खरी गरज आहे, ते बी-१२ तुपात जवळपास नसतंच. ते पाण्यात विरघळणारं. तुपात यायचं कसं? 'दूध पी, रक्त वाढेल' हेही तसंच. दुधात लोह नावालाच असतं, आणि त्यातलं कॅल्शियम दुसऱ्या अन्नातल्या लोहालाही आडवं येतं. दूध, दही, अंडं, मासा पुरेसा पोटात गेला तर बी-१२ मिळतं, हे खरं. पण सासूबाईंचं स्वतःचं दूध म्हणजे दोन वेळच्या चहातले चार चमचे. त्यांच्या तळपायांना मुंग्या येतात, विसरायला होतं, जिभेची आग होते, आणि घरात सगळे म्हणतात, वयच झालंय. एका गोळीची गरज असलेल्या दोन बायका एका बरणीवरून भांडताहेत, असं दृश्य पुण्यात बंगल्यापासून चाळीपर्यंत कुठेही फुकट पाहायला मिळतं.

इथे पुण्याचा अभिमान बाळगायला जागा आहे. १९९३ पासून केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलं अभ्यासताहेत. त्यातल्या जवळजवळ दोन-तृतीयांश गरोदर बायकांच्या रक्तात बी-१२ कमी निघालं. यातली एकही बाई ओट्सचं दूध पिणारी नव्हती. साध्या शेतकरी घरातल्या, भाकरी-आमटी खाणाऱ्या, दूध डेअरीला घालून उरलेल्या थेंबात चहा करणाऱ्या. पुढे २००८ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट छापली: आईच्या रक्तात फोलेट (फॉलिक ॲसिड त्याचंच एक रूप) भरपूर असलं की मूल सहा वर्षांचं होईतो त्याच्या अंगात चरबी जास्त दिसते, आणि त्यात बी-१२ कमी, अशी जोडी जमली की इन्शुलिनला न जुमानण्याची खोड सगळ्यांत जास्त. म्हणजे मधुमेहाची पूर्वतयारी गर्भातच. आता सरकारकडून गरोदर बाईला मिळणारी लाल गोळी आठवा. ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, १८० दिवस. बी-१२ शून्य. ती गोळी सोडू नकाच, पण तिच्यात सगळं आलं असं समजून निर्धास्त राहायला ती फार सोयीची आहे. घ्यायची तर चहाबरोबर घ्या, म्हणजे लोहही अंगाला लागणार नाही आणि तक्रारीला जागा राहील.

फॉलिक ॲसिडचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो, कारण ही गोष्ट मुंबईची आहे आणि मुंबईलाच ती फारशी ठाऊक नाही. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या बायकांना गरोदरपणी भयंकर रक्तक्षय व्हायचा, त्याचं मूळ शोधायला. त्यांनी बायकांच्या घरी जाऊन काय शिजतं ते पाहिलं, उंदरांवर प्रयोग केले, माकडांवर केले. शेवटी मार्माइट नावाचा स्वस्त, खारट, काळा यीस्टचा अर्क एका आजारी माकडाला दिला आणि ते सुधारलं. मग बायकाही सुधारल्या. १९३१ मध्ये हे छापून आलं. त्या अर्कातलं द्रव्य पुढे फॉलिक ॲसिड ठरलं. पाहा, तुमच्या मुलाचा मणका नीट जुळावा म्हणून जी गोळी जगभर देतात तिच्या मुळाशी एक पूर्णपणे व्हीगन डबा आहे आणि पिंजऱ्यातलं एक माकड आहे. यातलं काय स्वीकारायचं आणि कशाचा निषेध करायचा, ते तुम्ही डोहाळजेवणाच्या दिवशी ठरवा.

डोहाळजेवणाला मेनू परदेशी ठेवा. पेरू देशातला किन्वा, कॅलिफोर्नियाचे बदाम, मेक्सिकोचे चिया. अळिवाचे लाडू करू नका. अळीव, ओलं खोबरं आणि गूळ, एवढंच त्यात असतं, म्हणजे ते जन्मजात व्हीगन, लोहाने भरलेले, आणि फोटोत अगदीच गावठी दिसतात. कोकणातल्या आणि गोव्यातल्या आज्या नारळाच्या रसात निम्मा स्वयंपाक करत आल्या, पण त्यांच्या पातोळ्यांवर तो व्हीगनचा हिरवा 'व्ही' छापलेला नव्हता. २०२२ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याने त्या चिन्हाचे नियम काढले. त्याआधीचं सगळं खाणं बेवारस समजायचं. मीठही साधं नको, गुलाबी सैंधव आणा. त्यात आयोडीन घातलेलं नसतं, आणि दूध-मासे बंद झाल्यावर आयोडीन मिळायचा साधं मीठ हाच एक सोपा रस्ता होता. बाळाचा मेंदू घडायला ते लागतं, पण गुलाबी रंग किती छान दिसतो!

नवऱ्याने या काळात भांडणासाठी कात्रणं जमवावीत. २०१६ हे वर्ष उत्तम. त्या वर्षी अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या अकादमीने सांगितलं की नीट आखलेला व्हीगन आहार गरोदरपणात आणि बालपणातही चालतो. त्याच वर्षी जर्मनीच्या पोषण संस्थेने सांगितलं की गरोदर, स्तनदा आणि लहान मुलांना तो आम्ही सुचवत नाही. अमेरिकन कात्रण तुम्ही ठेवा, मात्र 'नीट आखलेला' ही अट कात्रीने उडवा. अकादमीचं २०२५ चं नवं निवेदन फक्त प्रौढांपुरतं आहे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका त्यात नाहीत. ते छापूच नका. जर्मनांनीही २०२४ मध्ये आवाज खाली आणून 'हो'ही नाही आणि 'नको'ही नाही असा पवित्रा घेतलाय, तो सासूबाईंना कळता कामा नये.

बाळ आलं. आईचं दूध चालतं, कारण आईची संमती असते. हा मुद्दा व्हीगन मंडळींनी फार पूर्वीच सोडवलाय. ज्या आईचं बी-१२ तळाला गेलंय तिच्या दुधातही ते कमीच उतरतं. बाळ चार-सहा महिने गुटगुटीत दिसतं. मग ते हसायचं थांबतं. धरलेली मान सोडतं. त्वचा काळवंडते, केस भुरे होतात, हातपाय थरथरायला लागतात. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांना हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचं आहे. पुस्तकांत त्याला नावही आहे. या बाळांच्या आया बहुधा व्हीगन नसतात, नुसत्या शाकाहारी आणि गरीब असतात. लवकर ओळखलं तर उपचार सोपे आहेत. उशीर झाला तर गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. इथे मला विनोद सुचत नाही, पुढे जाऊ.

पुढेही फारसा सुचत नाही, कारण बेल्जियममधलं २०१४ चं एक बाळ आठवतं. आईबापांचं नैसर्गिक खाद्यपदार्थांचं दुकान होतं. त्यांनी स्वतःच निदान केलं की बाळाला दूध सोसत नाही, आणि त्याला ओट्स, किन्वा, तांदूळ यांच्या दुधावर ठेवलं. सात महिन्यांचं होऊन ते गेलं. २०१७ मध्ये कोर्टाने आईबापांना दोषी ठरवलं. लहान बाळांसाठी सोयाबीनपासून बनवलेली, डॉक्टरांनी सुचवायची खास पावडर बाजारात मिळते. पण तिचा डबा दिसायला औषधासारखा असतो, आणि बदामाच्या दुधाच्या खोक्यावर पानं-फुलं असतात. त्या खोक्यात शंभरातले दोन-तीन भाग बदाम, बाकी बहुतेक पाणी. प्रथिनं गाईच्या दुधाच्या पासंगालाही पुरत नाहीत. मोठ्यांच्या कॉफीला ठीक आहे.

मूल मोठं होईल. डाळ, उसळ, नाचणी, शेंगदाणे, तीळ, पालेभाज्या खाईल, नियमाने बी-१२ घेईल, आणि छान धडधाकट निघेल. अशी मुलं आहेत. त्यांच्या आया रील करत नाहीत. वह्यांमध्ये गोळ्यांच्या तारखा लिहितात, दर वर्षी रक्त तपासतात आणि वाढदिवसाला केक घरून नेतात. अशा आयांशी मैत्री करू नका. त्या फार कंटाळवाण्या असतात, आणि त्यांच्याकडे बघून आपला सगळा आवेश ओसरतो.

राहिला समाजाचा प्रश्न. देशात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. बी-१२, प्रथिनं, चांगली चरबी हे सगळं एका कवचात बसवलेली स्वस्त वस्तू म्हणजे अंडं. २०२३ च्या अखेरीस महाराष्ट्राने शाळेतल्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. लगेच भावना दुखावल्या. न खाणाऱ्यांना केळं मिळणार होतं, तरी दुखावल्या. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्या अंड्याचे पैसे देणं थांबवलं आणि शाळांना सांगितलं, हवं तर लोकसहभागातून बघा. तुमच्या मुलाला शेवाळापासून काढलेलं ओमेगा-३ कुरिअरने येतं, तेव्हा या प्रश्नावर तुमच्याइतकं निःपक्षपाती मत दुसऱ्या कुणाचं असणार? शाळेचे गुरुजी वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन दारात आले तर त्यांना आत बसवा, ओट्सच्या दुधाचा चहा द्या, आणि कोंबडीच्या हक्कांबद्दल सविस्तर समजावून सांगा.