डडलींच्या घरातल्या दोघी

आमच्या पारावर, म्हणजे वाचनालयाला लागून असलेल्या पिंपळाच्या कट्ट्यावर, संध्याकाळची चर्चा सहसा पाणीकपात आणि पेन्शन यांच्या पलीकडे जात नाही. गेल्या शनिवारी मात्र माईंनी साडेतीनशे वर्षांपूर्वी वारलेल्या एका बाईचा विषय काढला आणि दिवे लागून गेले तरी कोणी उठले नाही. माई इंग्रजीच्या निवृत्त प्राध्यापिका. मॅसॅच्युसेट्समध्ये मुलीकडे राहून त्या नुकत्याच परतल्या आहेत. मुलीच्या घराजवळच नॉर्थ अँडोव्हर हे गाव आहे. तिथल्या जुन्या दफनभूमीत अ‍ॅन ब्रॅडस्ट्रीट या कवयित्रीच्या नावाची अलीकडे बसवलेली शिळा आहे, पण तिला नेमके कुठे पुरले हे कोणालाच ठाऊक नाही, हे सांगताना माईंचा स्वर थोडा दुखावलेला होता.

अ‍ॅनचा जन्म 1612 चा, इंग्लंडमधला. वडील थॉमस डडली हे लिंकनच्या उमरावांचे कारभारी होते, त्यामुळे ज्या काळात बहुतेक मुलींना सही करण्यापुरतेही अक्षर येत नसे, त्या काळात हिला वाचायला मोठा ग्रंथसंग्रह आणि शिकवायला हौशी बाप मिळाला. सोळाव्या वर्षाच्या सुमारास देवी आल्या, त्यातून ती वाचली आणि लगेचच वडिलांच्या हाताखाली तयार झालेल्या सायमन ब्रॅडस्ट्रीटशी तिचे लग्न झाले. 1630 मध्ये ही सारी प्युरिटन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चची शुद्धी मागणाऱ्या कडव्या पंथाची, मंडळी ‘आर्बेला’ जहाजाने अमेरिकेला निघाली. नवा देश आणि तिथल्या नव्या चालीरीती पाहून आपले मन बंड करून उठले होते, असे तिने पुढे मुलांसाठी लिहून ठेवले आहे. देवाचीच तशी इच्छा आहे, हे पटल्यावर आपण मान तुकवली, असेही तिथेच लिहिले आहे. नंतर बिऱ्हाडे बदलत गेली आणि आठ मुले झाली. वडील मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर झाले, आणि तिच्या मृत्यूनंतर नवराही झाला.

माईंचे म्हणणे असे की, या बाईला घरच्यांनी जपले, म्हणून ती लिहू शकली. नवरा वसाहतीच्या कामासाठी वारंवार बाहेरगावी असे आणि त्याच्या विरहात तिने लिहिलेल्या कविता वाचल्या, तर त्या संसारात जाच होता, असे कोणीही म्हणणार नाही.

वकीलसाहेबांना हे मुळीच मान्य नव्हते. “माई, तुम्ही माहेर पाहता, मी न्यायासन पाहतो,” असे म्हणून त्यांनी 1637 सालचा अ‍ॅन हचिन्सनचा खटला काढला. ही बाई बॉस्टनमध्ये आपल्या घरी बायकांना जमवून रविवारच्या प्रवचनांवर बोलत असे, पुढे पुरुषही येऊ लागले, आणि वसाहतीच्या धुरिणांनी तिला हद्दपार केले. तिची उलटतपासणी घेणाऱ्यांत कवयित्रीचा बापही होता आणि नवराही. आणखी आठ वर्षांनी, मॅसॅच्युसेट्सचे अनेक वर्षे गव्हर्नर असलेल्या जॉन विन्थ्रॉप यांनी आपल्या रोजनिशीत कनेक्टिकटच्या गव्हर्नरांच्या बायकोविषयी लिहिले की, वाचन आणि लेखन यांत बुडाल्यामुळे तिची बुद्धी भ्रमिष्ट झाली. घरकाम पाहिले असते, तर ती शहाणी राहिली असती. “ज्या गावात असे बोलले जाते, तिथे घरच्यांनी जपले म्हणजे काय केले? तोंडावर हात ठेवला!” असा वकीलसाहेबांचा निष्कर्ष होता.

इथे नानांनी तोंड घातले. नानांनी चाळीस वर्षे छापखान्यात काढली, त्यामुळे कोणत्याही पुस्तकाची गोष्ट ते प्रुफांपासून सुरू करतात. अ‍ॅनच्या धाकट्या बहिणीचा नवरा जॉन वुडब्रिज 1647 मध्ये इंग्लंडला गेला तो तिच्या कवितांची हस्तलिखिते बरोबर घेऊन, आणि 1650 मध्ये लंडनला ‘द टेन्थ म्यूझ’ या नावाने ती छापून निघाली. बाईंना न विचारता पुस्तक काढले, असे त्यानेच प्रस्तावनेत सांगितले आहे. अ‍ॅननेही नंतर आपल्याच पुस्तकाला उद्देशून एक कविता लिहिली. त्या कवितेत ती पुस्तकाला आपले बेढब पोर म्हणते. त्याचे तोंड धुवावे, तर नवे डाग दिसतात, पाय ओढून सरळ करावेत, तरी ते लंगडतेच. “पण तिची तक्रार नीट ऐका,” नाना म्हणाले, “छापखान्यात चुका कमी झाल्या नाहीत, हेही ती सुनावते. छापलेच का, म्हणून रागावलेली बाई मुद्रणदोष मोजत बसत नाही. चुका काढते ती दुसरी आवृत्ती डोळ्यांपुढे असणारी लेखिका.” ती सुधारलेली आवृत्ती 1678 मध्ये बॉस्टनला निघाली खरी, पण तोवर अ‍ॅनला जाऊन सहा वर्षे झाली होती.

मग विचारलेच नाही, असे मेहुण्याने इतके ठासून का सांगावे? या प्रश्नावर माई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी स्वतःच आपल्या मूळ म्हणण्याला तडा देणारी हकीकत सांगितली. अ‍ॅनची आणखी एक बहीण होती, आठ वर्षांनी धाकटी, सारा. बॉस्टनच्या एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या मुलाशी, बेंजामिन कीनशी, तिचे लग्न झाले होते. इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या धामधुमीत ती लंडनला गेली आणि तिथे प्रवचने करू लागली. आपली नातलग बाई मोठी प्रवचनकार झाली आहे, अशी खवचट बातमी विन्थ्रॉप यांच्या मुलाने 1646 मध्ये घरी कळवली. सारा बॉस्टनला परतली, तेव्हा स्त्रीपुरुषांच्या एकत्र सभेत बोलल्याबद्दल तिथल्या चर्चने तिला समज दिली, आणि 1647 च्या ऑक्टोबरमध्ये तिला बहिष्कृत केले. यापुढे हिच्याशी संसार करणार नाही, असे नवऱ्याने लंडनहून सासऱ्याला पत्राने कळवून टाकले आणि ते लग्न मोडले.

म्हणजे ज्या वर्षी धाकटीला चर्चने बाहेर काढले, त्याच वर्षी थोरलीच्या कविता जहाजावर चढल्या. हे साल मी त्याआधी कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. तसे पाहिले की, वुडब्रिजची प्रस्तावना निराळीच वाचली जाते. तो वाचकाला आधी बाईंचा सुशील स्वभाव, धर्मनिष्ठा, स्वतःच्या जागी राहून केलेली कर्तव्ये आणि संसार चालवण्यातली दक्षता सांगतो. कविता तर झोपेच्या आणि विश्रांतीच्या वेळातून काढलेल्या काही तासांचे फळ आहे, अशी खात्री देतो. शिवाय ओळखीच्या पुरुषांची स्तुतिपर पद्ये पुढे जोडतो. नोकरीच्या अर्जाला वर्तणुकीचा दाखला जोडावा, तसा तो प्रकार आहे. धाकट्या मुलीने जी अब्रू घालवली, असे लोक म्हणत होते, ती थोरलीच्या नावावर परत मिळवण्याचा हा घाट असावा, असे मला वाटते, आणि मी ते बोलून दाखवले.

वकीलसाहेब म्हणाले की, तर्क ठीक, पण पुरावा अर्धाच सांगू नका. सारावर चर्चने ठेवलेला दोष केवळ प्रवचनांचा नव्हता. एका बहिष्कृत पुरुषाशी अनैतिक संबंध असल्याचा आरोपही नोंदवला गेला आहे. माई उसळून म्हणाल्या, “बोलणाऱ्या बाईवर तो दुसरा आरोप कधी आला नाही, असे एक तरी उदाहरण दाखवा!” यावर बराच आरडाओरडा झाला, तो इथे लिहिण्यात अर्थ नाही.

माईंनी मग दुसरा पुरावा पुढे ठेवला. वुडब्रिजचा मामा थॉमस पार्कर हा मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरी गावचा धर्मगुरू. त्याच्या बहिणीने धर्मविषयक पुस्तक छापले, तेव्हा स्त्रीजातीच्या रीतीबाहेर जाऊन पुस्तक छापण्याला दुर्गंधी येते, असे त्याने तिला पत्रात लिहिले. ते पत्रही लंडनलाच छापले गेले, 1650 मध्ये, ज्या वर्षी भाच्याने मेहुणीचे पुस्तक काढले त्याच वर्षी! नाना यावर इतके हसले की, चहावाल्या पोराने वळून पाहिले. अशा घरात ‘बाईंना न विचारता’ हे शब्द बाईंच्याच बचावाचे असतात, हे त्यानंतर वकीलसाहेबांनीही कबूल केले. आरोपीने कृत्यच केलेले नाही, तर शिक्षा कशाची, असे त्यांनी त्यांच्या भाषेत मांडले.

पुढची वर्षे तिच्यावर फार कठीण गेली. 10 जुलै 1666 च्या रात्री अँडोव्हरचे घर जळाले. त्यानंतरच्या कवितेत ती राखेवरून जाताना इथे पेटी होती, तिथे संदूक होती, असे एकेक ठिकाण दाखवते. या छपराखाली आता पाहुणा बसणार नाही, मेणबत्ती लागणार नाही, असे म्हणते, आणि मग एकदम स्वतःला दटावते की, हे सारे मिथ्या आहे. 1665 ते 1669 या काळात तीन नातवंडे गेली. शेवटचा सायमन जेमतेम महिन्याचा. त्याच्यावरच्या कवितेत ती म्हणते की, देवाची इच्छा होती, का होती, यावर आपण वाद घालू नये, मुखे धुळीत ठेवावीत आणि तो न्यायी आहे तसा दयाळूही आहे असे म्हणावे. माईंनी ही ओळ दोनदा वाचली. ‘म्हणावे’ या शब्दावर त्या अडखळल्या.

निघता निघता नानांनी विचारले की, आई, वडील, नवरा, मुले, नातवंडे, सगळ्यांवर हिने लिहिले; त्या सारावर काही लिहिले का? माईंनी फोनवर 1659 च्या जूनमधली कविता काढली. एका घरट्यात माझी आठ पिल्ले उबली, चार नर आणि चार माद्या, असे म्हणून तीत अ‍ॅन एकेकाचे उडून जाणे सांगते. सारा त्याच वर्षी वारली. तिच्यावरची कविता उपलब्ध कवितांत नाही.

“आगीत गेली असेल,” नाना म्हणाले, “रोमच्या इतिहासावरच्या काव्याचे कागद त्याच आगीत जळाले, असे तिनेच लिहिले आहे ना?”

“रोमचे जळाले, हे तिने सांगितले,” माई चपला शोधत म्हणाल्या, “बहिणीचे जळाले असते, तरी तिने सांगितले नसते.”